धावपटूंचे घड्याळ, उपग्रहीय

कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांवरून धावणाऱ्याचे स्थान क्षणोक्षणी ठरवून त्यावरून त्याने कापलेले अंतर व त्याचा वेग दाखविणारे, मनगटावर बांधावयाचे साधन. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हे घड्याळ सर्वसामान्य धावपटूंच्या हाती आले. त्याच्या अचूकतेचा प्रश्न जेवढा उपग्रहांचा, तेवढाच ज्या रस्त्यावर ते वापरले जाते त्या रस्त्याचाही आहे. मुंबईतील परळ व लोअर परळ हा भाग या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. कापडगिरण्या, त्यांची धुराडी आणि तीनचार मजली चाळी यांनी व्यापलेल्या या भागात गिरण्यांच्या जमिनींवर उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या आणि नेमक्या त्याच काळात धावपटूंच्या मनगटावर उपग्रहीय घड्याळ आले.

उपग्रहीय मापन हे मुळात कालमापन आहे. कालमापनाचा परळशी असलेला संबंध मात्र उपग्रहांच्या पुष्कळ आधीचा आहे. मुंबईची वेळ कुलाबा येथील वेधशाळेत (स्थापना १८२६) ताऱ्यांच्या वेधांवरून ठरविली जाई. गिरणगावात ती लोकांपर्यंत पोहोचे ती गिरणीच्या भोंग्याने. स्वतःचे घड्याळ नसलेला कामगार भोंग्यावर उठे आणि भोंग्यावर गिरणीच्या दाराशी पोहोचे. भोंग्याचे घड्याळ मालकाच्या ताब्यात असे. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १९०६ च्या आरंभी सरकारने साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईची घड्याळे ३९ मिनिटांनी पुढे करण्याचा प्रश्न आला. सूर्य उगवण्याची घटका तीच, पण गिरणीत हजर होण्याची घटका पाऊण तासाच्या आसपास अलीकडे, असा त्याचा कामगारांच्या दृष्टीने अर्थ होता. जानेवारी १९०६ मध्ये गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध काम बंद ठेवून निदर्शने केली. महानगरपालिकेनेही जुन्या वेळेचा आग्रह धरला आणि शहरातील काही व्यवहारांत ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून राहिली. मापन कोणाच्या हाती आहे व त्यावर विश्वास का ठेवावा, ही शंका या भागात नवी नाही, एवढे यावरून दिसते.

धावण्याच्या शर्यतीत वेळेचे मापन लवकर सुधारले. अंतराचे मापन दीर्घकाळ ढोबळच राहिले. मॅराथॉन शर्यतीचे ४२.१९५ किमी. हे अंतर प्रथम १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वापरले गेले आणि १९२१ मध्ये ते प्रमाण म्हणून ठरविण्यात आले. मधल्या काळातील शर्यतींची अंतरे वेगवेगळी होती. या अनिश्चिततेचा फटका मराठी वाचकाला परिचित असलेल्या एका धावपटूलाही बसला आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारतीय चमू पाठविण्यात आला. त्याची निवड चाचणी पुण्यात झाली. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मॅराथॉन शर्यत २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या शर्यतीचा मार्ग ४२.७५ किमी. म्हणजे प्रमाण अंतराहून ५५५ मी. अधिक लांबीचा होता. चौगुले यांच्या सरासरी वेगाने हिशेब केल्यास हे जादा अंतर सु. सव्वादोन मिनिटांचे भरते. प्रमाण अंतरावर त्यांची वेळ २ तास ४८ १/२ मिनिटांच्या आसपास आली असती. कोष्टकांत मात्र २ तास ५० मिनिटांचीच नोंद राहिली आहे.

उलट बाजूचे प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कचे होय. १९८१ च्या न्यूयॉर्क मॅराथॉनमध्ये आल्बेर्तो सालाझार यांनी २ तास ८ मिनिटे १३ सेकंद ही त्या वेळची जागतिक उच्चांकी वेळ नोंदविली. पुढे मार्ग पुन्हा मोजला असता तो १४८ मी. आखूड भरला. अशा प्रकारांमुळे मार्गमापनाची शिस्त बसविणे अगत्याचे झाले. अमेरिकन धावपटू टेड कॉर्बिट यांनी १९६४ मध्ये या विषयावर पुस्तिका लिहिली होती व सायकलच्या चाकाच्या फेऱ्या मोजण्याची पद्धत पुढे आणली होती. पुढील दशकात सायकलच्या पुढच्या चाकाशी जोडावयाचा जोन्स गणक तयार झाला. तो फेरीचे सूक्ष्म अंश मोजतो. पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर त्याच दिवशी सायकल चालवून गणकाचे प्रमाणन करतात, कारण उन्हाने चाकातील हवा प्रसरण पावली तरी मापन बदलते. नंतर धावपटूला नियमानुसार घेता येईल अशा सर्वांत जवळच्या वाटेने, वळणांवर कडेपासून ३० सेंमी. अंतर राखून, संपूर्ण मार्ग मोजला जातो. मार्ग आखूड भरू नये म्हणून प्रत्येक किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. म्हणजे प्रमाणित मॅराथॉन मार्ग सु. ४२.२३७ किमी. आखला जातो. रस्त्यावरील शर्यतींतील जागतिक विक्रम आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य करण्यास आरंभ केला तो जानेवारी २००४ पासून, या शिस्तीच्या आधारावरच. त्याच वर्षी १५ फेब्रुवारी रोजी मुंबई मॅराथॉनची पहिली शर्यत झाली. उपग्रहांचा एवढा प्रसार झाल्यानंतरही मार्ग प्रमाणित करण्यासाठी उपग्रहीय मापन ग्राह्य धरले जात नाही. सायकलचे चाकच प्रमाण मानले जाते. घड्याळ घालणाऱ्या पुष्कळ धावपटूंना हे ठाऊक नसते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी जीपीएस या उपग्रहीय स्थाननिश्चिती योजनेचे काम १९७३ मध्ये हाती घेतले. पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये चोवीस उपग्रहांची योजना पूर्णत्वास गेली. हे उपग्रह पृथ्वीपासून सु. २०,२०० किमी. उंचीवरून फिरतात. प्रत्येकावर आणवीय घड्याळ असते व तो आपली वेळ आणि आपले स्थान सतत प्रेषित करतो. संकेत निघाल्याची व तो पोहोचल्याची वेळ यांतील फरकाला प्रकाशवेगाने गुणले की उपग्रहापासूनचे अंतर मिळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे स्थान ठरविण्यास पुरेशी व्हावीत. परंतु मनगटावरील घड्याळातील स्फटिक आणवीय घड्याळाइतका काटेकोर नसल्याने त्याची चूकही शोधून काढावी लागते आणि त्यासाठी चौथा उपग्रह लागतो. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात ३० सेंमी. जातो. त्यामुळे कालमापनातील अत्यल्प चूकही अंतरात दिसते. वेग व गुरुत्वाकर्षण यांच्या परिणामाने उपग्रहांवरील घड्याळे पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दररोज सु. ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. सापेक्षता सिद्धांतानुसार ही दुरुस्ती केली नाही, तर दिवसाकाठी दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल.

आरंभी लष्करी कारणांसाठी नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळली जात असे. तीमुळे स्थान शंभर मीटरांपर्यंत चुकत असे, व धावपटूच्या दृष्टीने ते निरुपयोगी होते. ही चूक मे २००० मध्ये काढून घेण्यात आली. कॅसिओ या जपानी कंपनीने उपग्रहीय ग्राही असलेले मनगटी घड्याळ १९९९ मध्येच बाजारात आणले होते, पण ते अवजड होते. गार्मिन या अमेरिकन कंपनीने खास धावपटूंसाठी २००३ मध्ये घड्याळ काढले आणि तेव्हापासून या साधनाचा प्रसार झाला. पुढील काळात रशिया, यूरोप व चीन यांच्या उपग्रहांचे संकेतही हीच घड्याळे घेऊ लागली.

मोकळ्या मैदानावर अशा घड्याळाचे स्थान साधारणतः काही मीटरांच्या आत बरोबर येते. चुकीची कारणे अनेक असली, तरी परळमध्ये त्यांपैकी एकच प्रबळ ठरते. वातावरणातील आयनांबरामुळे संकेतास विलंब होतो व भारताच्या अक्षांशांत दुपारी तो बराच असतो. परंतु मुंबईचे धावपटू उकाडा व रहदारी टाळण्यासाठी पहाटे धावतात आणि आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची घनता सूर्योदयापूर्वीच सर्वांत कमी असते. म्हणजे पहाटेच्या सवयीने चुकीचे हे एक कारण अनायासे क्षीण होते. उरते ते इमारतींचे कारण.

रस्त्यावरून धावणारा इमारतीपासून २० मी. अंतरावर आहे असे मानू. १५ मी. उंचीची चाळ त्या बाजूचे आकाश क्षितिजापासून सु. ३७ अंशांपर्यंत झाकते. वरचे आकाश मोकळे राहते व तेथील उपग्रह दिसतात. त्याच जागी २०० मी. उंचीची इमारत आली, की आकाश ८४ अंशांपर्यंत झाकले जाते. दोन्ही बाजूंस अशा इमारती असल्यास डोक्यावर जेमतेम बारा अंशांची पट्टी उरते. एवढ्या अरुंद पट्टीत चार उपग्रह क्वचितच सापडतात, आणि सापडले तरी ते एका ओळीत असल्याने रस्त्याच्या आडव्या दिशेतील स्थान नीट ठरत नाही. संकेत अडला तरी तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. समोरच्या काचेच्या भिंतीवरून परावर्तित होऊन तो घड्याळापर्यंत येतो. ती वाट लांबची असते. भिंत ३० मी. अंतरावर असेल, तर क्षितिजालगतच्या उपग्रहाच्या संकेतास जवळजवळ ६० मी. जादा प्रवास घडू शकतो. हा संकेत सरळ आला की परावर्तित होऊन, हे साध्या ग्राहीस समजत नाही. तो उपग्रह प्रत्यक्षाहून दूर आहे असे धरतो आणि धावपटूला शेजारच्या गल्लीत किंवा इमारतीच्या पोटात नेऊन ठेवतो. धावून झाल्यावर नकाशावर उमटणारी वेडीवाकडी रेघ या परावर्तनांची असते.

परळचे आकाश असे का झाकले गेले, याचा इतिहास अलीकडचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही, परंतु त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनींचे काय करावयाचे यासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम करण्यात आला. जमिनीचा सु. एक तृतीयांश भाग शहरासाठी मोकळा, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकास, असे त्याचे सामान्य धोरण होते. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. गिरणीच्या संपूर्ण जमिनीऐवजी केवळ तिच्यातील आधीच रिकाम्या असलेल्या भागाची ही वाटणी करावयाची, असे ठरल्याने शहराच्या वाट्यास येणारी मोकळी जागा फारच घटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवून दुरुस्ती वैध ठरविली. त्यानंतर बांधकामास वेग आला. ज्युपिटर व एल्फिन्स्टन गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे झाले, फिनिक्स मिलच्या आवारात बाजारपेठ झाली आणि श्रीनिवास मिलच्या जमिनीवर सु. २८० मी. उंचीची निवासी इमारत उभी राहिली. मूळ नियमानुसार मैदाने राहिली असती, तर धावणाऱ्यांना धावण्यास जागा मिळाली असती व त्यांच्या घड्याळांना आकाश. कामगारांच्या घरांच्या प्रश्नापुढे ही बाब अर्थातच गौण आहे. पण दोन्हींचे मूळ एकाच निर्णयात आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर आणखी एक अडथळा आहे. लालबाग येथील उड्डाणपूल २०११ मध्ये खुला झाला. त्याच्या खालून धावणाऱ्याच्या नेमके डोक्यावरचे आकाश, म्हणजे उंच इमारतींमध्ये जे काय उरलेले असते तेच, पुलाने झाकले जाते. अशा ठिकाणी घड्याळ उपग्रहांचा नाद सोडून हाताच्या हालचालींवरून पावले मोजते आणि पूर्वीच्या पावलाच्या लांबीवरून अंतराचा अंदाज करते. धावणारा थकला व पाऊल आखडले, की हा अंदाज फसतो.

चुकीच्या स्थानांमुळे अंतरही चुकतेच असे नाही, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. सगळा मार्ग एकाच दिशेने पाच मीटर सरकला, तर नकाशावर तो फुटपाथाऐवजी घरांवरून गेलेला दिसतो, परंतु त्याची लांबी तेवढीच राहते. बिंदू कधी डावीकडे, कधी उजवीकडे उडू लागले म्हणजे सरळ रेषेची नागमोडी रेषा होते व लांबी वाढते. याउलट, नोंदी विरळ घेतल्या तर वळणे कापली जाऊन लांबी घटते. जुन्या घड्याळांत हा दोष अधिक होता. परळसारख्या भागात सरळ रस्ते पुष्कळ असल्याने वाढीचा दोषच बहुधा वरचढ ठरतो.

या वाढीची किंमत धावपटूस शर्यतीत द्यावी लागते. मॅराथॉन चार तासांत पुरी करावयाची तर प्रत्येक किलोमीटरला सु. ५ मिनिटे ४१ सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ एक टक्का अंतर जास्त दाखवीत असेल व धावणारा त्याच्या आकड्यावर विसंबून हाच वेग राखीत असेल, तर घड्याळात ४२.१९५ किमी. पुरे होतील तेव्हा अंतिम रेषा आणखी चारशेहून अधिक मीटर दूर असेल आणि शर्यत संपेल ती ४ तास २ मिनिटे २४ सेकंदांच्या सुमारास. महिनोन्‌महिने पहाटे उठून केलेली तयारी अशा अडीच मिनिटांनी हुकते. अशा वेळी मार्ग लांब आखला होता, अशी तक्रार आयोजकांकडे करण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. वस्तुतः प्रमाणित मार्ग हा सर्वांत जवळच्या वाटेने मोजलेला असतो. गर्दीत बाहेरच्या बाजूने वळणे घेणारा, पाण्यासाठी रस्ता ओलांडणारा धावपटू प्रत्यक्षातही अधिक धावलेला असतो. या दोन गोष्टींची बेरीज घड्याळात दिसते आणि त्यांची फोड घड्याळ करू शकत नाही. म्हणून अनुभवी धावपटू शर्यतीत घड्याळाच्या किलोमीटरऐवजी रस्त्याकडेच्या खुणेच्या फलकांवर स्वतः कळ दाबून वेळ टिपतात. अधिकृत वेळ तर अंगावरील क्रमांकपट्टीला जोडलेल्या इलेक्ट्रॉनीय खुणेवरूनच घेतली जाते.

सरावातील चूक अधिक फसवी असते, कारण तेथे फलक नसतात. क्षणाक्षणाचा वेग ५ मिनिटांवरून ७ मिनिटांवर व पुन्हा ५ मिनिटांवर उडत असेल, तर नवशिका धावपटू तो सावरण्यासाठी विनाकारण वेग वाढवितो. इमारतींच्या गर्दीत हृदयाचे ठोके, श्वास किंवा नुसती गेलेली वेळ यांवर भर देणे अधिक सुरक्षित होय.

२०२१ नंतरच्या काही घड्याळांत दोन कंप्रतांवरील संकेत एकाच वेळी घेण्याची सोय झाली आहे. जुना नागरी संकेत १,५७५.४२ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतेवर असून त्याच्या सांकेतिक खुणेची लांबी सु. २९३ मी. भरते. १,१७६.४५ मेगॅहर्ट्‌झवरील नव्या संकेताची खूण तिच्या एकदशांश, म्हणजे सु. २९ मी. आहे. खूण आखूड असल्याने सरळ आलेला संकेत आणि तीसचाळीस मीटर वळसा घालून आलेला संकेत एकमेकांत मिसळत नाहीत व ग्राहीला दुसरा बाजूला काढता येतो. उंच इमारतींमध्ये अशा घड्याळांची रेघ रस्त्यावर राहण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले आहे. किंमत मात्र अधिक असते आणि विद्युत् घटमालाही लवकर संपते.

भारताच्या नाविक या प्रादेशिक योजनेचे उपग्रह २०१३ ते २०१८ या काळात सोडण्यात आले. परळच्या दृष्टीने तिचा एक गुण विशेष आहे. जीपीएसचे उपग्रह आकाशातून सतत सरकत असतात, तर या योजनेतील काही स्थाने भूस्थिर आहेत. ८३ अंश पूर्व रेखांशावरील स्थान मुंबईतून आग्नेय-दक्षिणेस क्षितिजापासून सु. ६५ अंश उंचीवर येते. सेनापती बापट मार्ग, ना. म. जोशी मार्ग व आंबेडकर मार्ग हे परळचे प्रमुख रस्ते साधारणतः दक्षिणोत्तर असल्याने एवढ्या उंचीवरील उपग्रह पुष्कळ ठिकाणी इमारतींच्या वर राहू शकतो. परंतु काही उपग्रहांवरील आणवीय घड्याळे बंद पडल्याने योजनेचे बळ घटले. शिवाय आरंभीचे नाविक उपग्रह १,५७५.४२ मेगॅहर्ट्‌झ या प्रचलित कंप्रतेवर संकेत देत नसल्याने साध्या घड्याळांना त्यांचा उपयोग होत नव्हता. ही सोय असलेला पहिला उपग्रह एनव्हीएस-०१ हा २९ मे २०२३ रोजी सोडण्यात आला. त्याच्या जोडीचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये सोडला गेला, पण तो नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही.

घड्याळाची चूक पडताळून पाहण्याचा जुना उपाय या भागात अद्याप सहज उपलब्ध आहे. परळचे कामगार मैदान किंवा नरे पार्क येथे फितीने एक फेरी मोजून ठेवावी, दहा फेऱ्या मारून घड्याळाचा आकडा ताडावा आणि मगच रस्त्यावरील आकड्यांना किती किंमत द्यावयाची ते ठरवावे. दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी सु. १.२ किमी. असून तेथे आकाशही परळच्या मानाने मोकळे आहे. अंतर ठाऊक असलेली ही फेरी धावपटू घड्याळे नव्हती तेव्हाही मोजीत असत.